बोडियम किल्ला

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समध्ये रॉदर नदीच्या खोऱ्यात असलेला हा चौदाव्या शतकातला भुईकोट, चारी बाजूंनी रुंद खंदक आणि खंदकात झऱ्यांचं पाणी कायम भरलेलं. बांधणारा सर एडवर्ड डॅलिंग्रिज. हा गडी फ्रान्सच्या लढायांमध्ये लुटालूट करून गब्बर झालेला आणि बोडियमची जहागीर त्याला बायकोकडून मिळालेली. १३७७ ला फ्रेंचांनी जवळचं राय बंदर जाळलं होतं, त्यामुळे १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने तटबंदीची परवानगी दिली ती शत्रूपासून मुलूख राखायला म्हणून.

प्लॅन एकदम साधा: चौकोनी कोट, चार कोपऱ्यांना गोल बुरूज, बाजूंच्या मधोमध चौकोनी बुरूज किंवा दरवाजे, बालेकिल्ला वगैरे काही नाही, राहायच्या खोल्या, हॉल, चॅपल सगळं तटाला आतून चिकटवलेलं. खरी गंमत वाटेत आहे. आता पूल सरळ आत जातो पण मूळचा पश्चिमेकडून यायचा, मधल्या अष्टकोनी बेटावर काटकोनात वळायचा, म्हणजे येणाऱ्या शत्रूची ढाल डाव्या हातात आणि किल्ला उजवीकडे, उघडी बाजू थेट माऱ्यात! पुढे मुख्य दरवाजात तोफांसाठी जंग्या, वरून शत्रूवर मारा करायला छताला भोकं, आणि वरून खाली सोडायची जुनी लाकडी जाळी अजून तिथे आहे. २८ शौचकूप आहेत आणि सगळ्यांची घाण थेट खंदकात, त्यामुळे ते पाणी तेव्हा किती रम्य असेल याचा अंदाज करा.

पण हा लढाऊ किल्ला होता की नुसता रुबाब, यावर अभ्यासकांचं अजून वाजतं. खंदकाचा बांध फोडून पाणी सोडून देता येईल असा आहे, चॅपलची भलीमोठी खिडकी बाहेरच्याच भिंतीत, त्यामुळे रुबाबवाल्यांचं पारडं जड वाटतं, पण सीमेवरच्या सरदाराला दोन्ही हवं असणार की.

१४८३ मध्ये तिसऱ्या रिचर्ड राजाने हा किल्ला घ्यायला फौज धाडली होती. सतराव्या शतकातल्या राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धानंतर आतलं बांधकाम पाडलं गेलं आणि नुसता सांगाडा उरला. तोही गेलाच असता, पण १८२९ मध्ये जॉन फुलर या जमीनदाराने विकत घेऊन वाचवला. नंतरचा एक मालक म्हणजे आपल्या ओळखीचा, बंगालची फाळणी करणारा लॉर्ड कर्झन, भारतात १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणणारा. त्याने खंदक उपसून उत्खनन आणि डागडुजी केली, आणि १९२५ मध्ये मरताना किल्ला नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या नावे करून गेला.