वातानुकूलनाची खरी परीक्षा अर्ध्या भारावर

मोठ्या कार्यालयाच्या किंवा रुग्णालयाच्या वातानुकूलन यंत्रणेची क्षमता ठरवताना अभियंता वर्षातला सर्वांत कठीण दिवस डोळ्यांसमोर ठेवतो. इमारत माणसांनी भरलेली, सगळे दिवे आणि संगणक चालू, काचांवर थेट ऊन, हे सारे एकाच वेळी घडेल असे मानून चिलर (इमारतीत फिरवायचे पाणी थंड करणारे यंत्र), पंप आणि पंखे निवडले जातात. तशी वेळ वर्षातून मोजक्या तासांसाठीच येते. चिलरची वर्षभराची सरासरी कार्यक्षमता काढण्याच्या एका प्रचलित सूत्रात पूर्ण भाराला, म्हणजे यंत्राच्या संपूर्ण क्षमतेइतक्या मागणीला, केवळ १ टक्का महत्त्व दिलेले आहे. पाऊण भाराला ४२ टक्के, निम्म्या भाराला ४५ टक्के आणि उरलेले १२ टक्के पाव भाराला. केवळ पूर्ण भारावरचा आकडा पाहून यंत्र घेणाऱ्याला विजेचे बिल मात्र उरलेल्या सगळ्या तासांचे भरावे लागते.

चिलर थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ती जितक्या चढ्या तापमानावर नेऊन सोडावी लागते तितकी वीज अधिक लागते. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये उष्णता-इंजिनांविषयी मांडलेल्या विचारातून या कामाची सैद्धांतिक मर्यादा काढता येते. बाष्पकात, म्हणजे उष्णता उचलणाऱ्या भागात, शीतकद्रव्य (चिलरमध्ये फिरून उष्णता वाहून नेणारे द्रव्य) ५ अंश सेल्सिअसला उकळत असेल आणि कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागात, ४० अंशांना त्याचा द्रव होत असेल, तर विजेच्या एका एककामागे जास्तीत जास्त ८ एकके उष्णता हलवता येते. तेच आकडे ८ आणि ३७ केले, तर मर्यादा साडेनऊच्या पुढे जाते. प्रत्यक्ष यंत्रे तिच्या बरीच खाली राहतात, पण लाभाची दिशा बदलत नाही. त्यामुळे सौम्य हवामानात थंड पाण्याचे तापमान दोन-तीन अंशांनी वाढवणे आणि कंडेन्सरच्या नळ्यांमध्ये साचलेले क्षार वेळच्या वेळी काढणे, ही साधी वाटणारी कामे पुष्कळ वीज वाचवतात. हवा दमट असेल तेव्हा मात्र पाणी फार कोमट करून चालत नाही, कारण मग हवेतली वाफ कॉइलवर (हवेच्या वाटेतल्या, पाणी वाहणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर) पुरेशी जमत नाही आणि खोली गार असूनही कोंदट वाटते.

पंख्यांचे आणि पंपांचे गणित याहून नाट्यपूर्ण आहे. पंख्याचा वेग कमी केला की हवेचा प्रवाह त्याच प्रमाणात घटतो, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती जवळजवळ निम्मी होते आणि वेग निम्मा केला तर ती एक अष्टमांशावर येते. तरीही अनेक जुन्या यंत्रणांत पंखा पूर्ण वेगाने फिरत राहतो आणि डॅम्पर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, अर्धवट मिटून हवा रोखली जाते, म्हणजे एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवून गाडी हाकण्याचाच प्रकार. मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह बसवल्यावर हे थांबते, मात्र डक्टमधला (हवा वाहून नेणाऱ्या मार्गातला) दाब वर्षभर एकाच चढ्या आकड्यावर बांधून ठेवला, तर घननियमाचा बराचसा लाभ हातून निसटतो. ड्राइव्ह विकत घेणे सोपे असते. मागणी कमी झाल्यावर तो दाबही उतरवणारे नियंत्रण लिहिणे तेवढे सोपे नसते, आणि तेच वगळले जाते.

सर्वांत फसवी हानी मात्र कोणाच्या लक्षातच येत नाही. गरम पाण्याच्या कॉइलचा व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल, तर हवा थोडी तापते, तेवढीच ती गार करण्यासाठी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह अधिक उघडतो आणि खोलीत नेमके हवे ते तापमान राहते. कोणीही तक्रार करत नाही, म्हणून कोणी शोधही घेत नाही; दोन यंत्रणा एकमेकींशी झुंजत राहतात आणि दोघींचे इंधन जळत राहते. तापवण्याची सुरुवात २१ अंशांच्या खाली आणि गार करण्याची २४ अंशांच्या वर, असे अंतर थर्मोस्टॅटमध्ये राखले तर नियंत्रणाच्या पातळीवरची झुंज टळते. गळक्या व्हॉल्व्हसाठी मात्र तो बंद असतानाही कॉइलच्या आधीचे आणि नंतरचे हवेचे तापमान नोंदवत राहावे लागते.

बाहेरच्या हवेचाही असाच विचार करावा लागतो. सभागृह रिकामे असताना भरलेल्या सभागृहाइतकी ताजी हवा आत घेणे म्हणजे तेवढी हवा विनाकारण तापवणे किंवा गार करणे होय. कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या सेन्सरवरून माणसांचा अंदाज घेऊन हे प्रमाण बदलता येते, अट इतकीच की सेन्सरची तपासणी नियमित व्हायला हवी.

तापवण्याच्या बाजूला पाण्याचे तापमान हाच कळीचा मुद्दा आहे. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवतो, पण नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांच्या खालीच द्रवरूप होऊ लागते. परतीचे पाणी ६५ अंशांचे असेल, तर महागडा बॉयलर साध्या बॉयलरसारखाच वागतो. हीट पंपालाही (बाहेरची उष्णता उचलून आत आणणाऱ्या यंत्रालाही) कमी तापमानाचे पाणी मानवते, त्यामागचे कारण वर सांगितलेल्या कार्नोच्या मर्यादेतच आहे. म्हणून जुनी इमारत सुधारताना आधी गळती, झुंज आणि अनावश्यक हवा थांबवून उरलेला भार काही महिने मोजावा, आणि त्यानंतरच नव्या चिलरची क्षमता ठरवावी. ती जुन्यापेक्षा कमी निघण्याची शक्यता बरीच असते.