वाट्याला आलेलं आणि हातून घडलेलं: ग्रीक शोकांतिकेतल्या दैवाची पार्श्वभूमी

दैवासाठी ग्रीक भाषेत एक जुना शब्द आहे, 'मोइरा'. त्याचा मूळ अर्थ वाटा. पंगतीतला मांसाचा वाटा, लुटीतला वाटा, जमिनीचा वाटा, आणि मग आयुष्याचाही. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सुखदुःख आपल्याही 'वाट्याला' येतं आणि 'भाग्य' या शब्दात 'भाग' बसलेलाच आहे.

साम्य मात्र इथेच संपतं. आपण प्रारब्ध म्हणतो तेव्हा हिशेब एकाच जीवाचा असतो. मागच्या जन्मी ज्याने केलं, तोच या जन्मी भोगतो. अथेन्सच्या रंगभूमीवरच्या कथांत मागचा जन्म नाही. तिथे आजोबाचं देणं नातू फेडतो, आणि त्या नातवाचा दोष काय, हे विचारण्यासाठी सगळं गाव डोंगरउतारावर येऊन बसतं. ही नाटकं म्हणजे नियतीच्या हातातल्या बाहुल्यांचा खेळ, असं आपल्याकडे अजूनही शिकवलं जातं. मला ते पटत नाही. त्या नाटकांना खरा घोर होता तो जबाबदारीचा, आणि त्याची मुळं पुराणकथांइतकीच खुनाच्या कायद्यात आहेत.

सुरुवात होमरपासून करावी लागते. 'इलियड'च्या सोळाव्या सर्गात देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा सार्पीडॉन रणात मरणार आहे. त्याला उचलून घरी न्यावं, असं बापाच्या मनात येतं. त्याची बायको हेरा म्हणते, ने, पण बाकीच्या देवांना ते रुचणार नाही, आणि उद्या त्यांनाही आपापली मुलं वाचवावीशी वाटतील. झ्यूस थांबतो आणि पृथ्वीवर रक्ताचा पाऊस पाडतो. त्याला ते जमलं नसतं, असं इथे कुणी म्हणत नाही. एकदा वाटणी मोडली की व्यवस्थाच मोडेल, एवढंच त्याला कळतं. 'ओडिसी'च्या आरंभी हाच झ्यूस तक्रार करतो की माणसं उगाच देवांना बोल लावतात. ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा सेनापती अगॅमेम्नॉन, त्याला मारू नकोस, त्याच्या बायकोला हात लावू नकोस, असं हर्मीसला धाडून आपण इजिस्थसला बजावलं होतं. तरी त्याने केलं, आणि अगॅमेम्नॉनचा मुलगा ओरेस्टिस याने त्याला मारलं. होमर या ओरेस्टिसची स्तुतीच करतो. त्याची आई कशी मेली, याबद्दल मात्र तो जवळजवळ गप्प आहे. त्या गप्प राहिलेल्या जागेतून पुढे एक अख्खं नाट्यत्रय उगवलं.

मधल्या काळात 'डिके' हा शब्द मोठा होत गेला. रीत, न्याय, खटला आणि दंड या सगळ्यांना ग्रीकमध्ये तो एकच शब्द. हेसिअडच्या काव्यात डिके झ्यूसची मुलगी आहे. कुणी तिचा अपमान केला की ती बापाजवळ जाऊन बसते आणि सांगते. तत्त्वज्ञ अनॅक्सिमँडर तर विश्वातल्या वस्तूही एकमेकींना अन्यायाचा दंड भरतात, काळाच्या क्रमाने, असं म्हणतो. इ.स.पू. ५९४मध्ये अथेन्सचा कारभारी झालेला सोलोन कवीही होता. त्याच्या एका कवितेत झ्यूसचा दंड कुणाला लगेच गाठतो, कुणाला उशिरा. जे निसटतात त्यांच्या बदल्यात त्यांची निरपराध मुलं भरतात, किंवा मुलांची मुलं. सोलोन हे शांतपणे सांगतो. शोकांतिकेला ती शांतता परवडली नाही.

सोलोनच्याही आधी, इ.स.पू. ६२१च्या सुमारास, ड्रॅकोचा खुनाचा कायदा आला होता. त्याआधी खून हा दोन घरांमधला मामला असे, सूड घ्यायचा किंवा भरपाई. शिवाय सांडलेल्या रक्ताचा विटाळ खुन्याला आणि त्याच्याबरोबर सगळ्या गावाला लागतो, अशी श्रद्धा होती. विटाळ हेतू विचारत नाही. ड्रॅकोच्या कायद्याने तो विचारला. ठरवून केलेला खून आणि नकळत घडलेला खून यांत त्याने फरक केला. नकळत मारणाऱ्याला हद्दपारी, आणि मृताच्या सगळ्या नातलगांची संमती असेल तर क्षमा. हातून घडणं आणि हेतूने करणं, या दोहोंमधली फट तेव्हापासून अथेन्सच्या डोक्यात राहिली.

आता इ.स.पू. ४५८. डायोनायसस देवाच्या उत्सवात इस्किलसची 'ओरेस्टिया', म्हणजे ओरेस्टिसच्या घराण्यावरची तीन नाटकं, होते आणि पहिलं बक्षीस मिळवते. तो मॅरेथॉनच्या लढाईत लढलेला माणूस. जेमतेम चार वर्षांपूर्वी लोकशाहीवादी नेता एफिआल्टीस याने अॅरिओपॅगस या उमरावांच्या जुन्या सभेचे राजकीय अधिकार काढून घेतले होते. तिच्याकडे मुख्यतः खुनाचे खटले उरले. पुढे एफिआल्टीसचाच खून झाला. प्रेक्षकांत बसलेल्या माणसांना हे सगळं ताजं होतं.

आट्रियसने सख्ख्या भावाला त्याचीच मुलं शिजवून वाढली, तिथून या घराण्याचं रक्त सुरू होतं. आट्रियसचा मुलगा अगॅमेम्नॉन ट्रॉयला निघतो, उलटा वारा सुटतो, आणि ऑलिसच्या बंदरात इफिजिनियाचा, पोटच्या मुलीचा बळी मागितला जातो. इथे कोरस, म्हणजे रंगमंचावर गाऊन भाष्य करणारा समूह, जे शब्द वापरतो ते फार नेमके आहेत. त्याने अपरिहार्यतेचं जू आपल्या मानेवर घेतलं. जू आहे, ते जड आहे, पण मान त्याने दिली. इस्किलसचं दैव असंच चालतं. शाप दार उघडतो, उंबरा माणूस ओलांडतो. दहा वर्षांनी अगॅमेम्नॉनची बायको क्लायटेम्नेस्ट्रा नवऱ्याला मारते तेव्हा तीही दोन्ही सांगते. हे माझ्या हाताने केलं, आणि माझ्या रूपाने या घराण्याच्या सूडाच्या भुताने केलं. कोरस तिला दुसऱ्या वाक्याआड लपू देत नाही.

त्रयीतल्या याच पहिल्या नाटकात 'भोगून शिकणं' हा झ्यूसने घालून दिलेला नियम येतो. तो फार उद्धृत होतो, आणि बहुतेक वेळा गोड करून. नाटकात पाहिलं तर भोगणारं कुणीच फारसं शिकत नाही. अगॅमेम्नॉन न्हाणीघरात मरतो, त्याने ट्रॉयहून आणलेल्या भविष्यवेत्त्या कॅसँड्राला सगळं कळतं पण उपयोग शून्य. शिकतं ते शहर, आणि तेही तिसऱ्या नाटकात. आईला मारलेला ओरेस्टिस, त्याच्या मागे लागलेल्या एरिनीज, म्हणजे रक्ताचा सूड घेणाऱ्या देवता, आणि अॅरिओपॅगसच्या टेकडीवर अथीना देवीने बसवलेले नागरिक पंच. आई ही खरी जन्मदाती नसतेच, हा ओरेस्टिसची बाजू मांडणाऱ्या अपोलो देवाचा युक्तिवाद आज वाचताना संताप येतो, आणि मतं समान पडतात हे त्या युक्तिवादाला मिळालेलं योग्य उत्तर वाटतं. अथीनाचं मत ओरेस्टिसच्या बाजूने, म्हणून तो सुटतो. मग ती एरिनीजना हाकलून देत नाही, त्यांची समजूत घालते. शहरातून भीती पार काढून टाकू नका, हेही तीच सांगते. शेवटी त्याच देवता तांबडी वस्त्रं लेवून, मशालींच्या उजेडात, शहराखालच्या आपल्या नव्या घरी जातात. 'शोकांतिका' हा आपला शब्द इथे अपुरा पडतो, कारण अंती शोक नाहीच.

सॉफोक्लिसचा इडिपस हा बाहुलीवादाचा सर्वांत मोठा पुरावा समजला जातो. पण रंगमंचावर प्रत्यक्ष काय घडतं ते पाहा. बापाला मारशील, आईशी लग्न करशील, हे भविष्य खरं होऊन गेलेलं आहे. आता जे चाललंय ती चौकशी आहे, आणि ती चालवणारा इडिपस आहे. खुन्याला शाप तो देतो, थांब म्हणणाऱ्या योकास्टेला, आपल्या बायकोला, झिडकारतो, म्हाताऱ्या गुराख्याला धाक घालून बोलतं करतो. यातलं काहीच करण्याची त्याच्यावर दैवाची सक्ती नाही. डोळे फोडून घेतल्यावर तो म्हणतो, ही दुःखं अपोलोने पुरी केली, घाव घालणारा हात माझा होता.

ॲरिस्टॉटलने याच नाटकाला नमुना मानलं. त्याचा 'हामार्तिया' हा शब्द स्वभावदोष म्हणून शिकवला जातो, पण त्याच्या मुळाशी नेम चुकणं आहे. आणि त्याच्या 'काव्यशास्त्रा'त नियती हे तत्त्व म्हणून येतच नाही. 'नियती आपल्याला हाकते, तिच्यापुढे वाका', असं म्हणणारा कोरस आहे तो रोमन सेनेकाच्या 'इडिपस'मधला, चारपाचशे वर्षांनंतरचा, नियतीचा शांतपणे स्वीकार शिकवणाऱ्या स्टोइक विचारात वाढलेला. आपण बहुधा ग्रीक नाटक सेनेकाच्या चष्म्यातून वाचत आलो.

युरिपिडीसकडे तर दैव आरोपीच्या वकिलासारखं येतं. 'ट्रॉयच्या स्त्रिया' इ.स.पू. ४१५च्या वसंतात झालं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात अथेन्सने मेलोस बेट जिंकून तिथले पुरुष मारले होते, बायकामुलं गुलाम केली होती. नाटकात हेलन म्हणते, दोष माझा नाही, ॲफ्रोडाइटीचा. ट्रॉयची म्हातारी राणी हेकुबा उत्तर देते की पॅरिसला पाहिल्यावर तुझं मनच ॲफ्रोडाइटी झालं. हीच हेकुबा झ्यूसला हाक मारते तीही अशी, तू निसर्गाची अपरिहार्यता असशील किंवा माणसाची बुद्धी, जो कुणी असशील तो. हेकुबाचा लहानगा नातू अस्टिआनॅक्स याला तटावरून फेकायचं ठरतं ते ग्रीकांच्या सभेत. त्यासाठी कोणतीही भविष्यवाणी लागत नाही.

नव्वदीच्या घरातल्या सॉफोक्लिसने इडिपसला पुन्हा बोलावलं, 'कोलोनस'मध्ये. आंधळा, भटका, मुलीचा हात धरून आलेला. हा इडिपस आता स्वतःची बाजू मांडतो. मी केलं त्यापेक्षा भोगलंच जास्त. माझ्यावर हल्ला झाला म्हणून मी हात उचलला, तो बाप आहे हे मला ठाऊक नव्हतं, कायद्यापुढे मी निर्मळ आहे. नाटक रंगमंचावर आलं ते सॉफोक्लिस गेल्यावर, इ.स.पू. ४०१मध्ये. त्याच्या अखेरच्या वर्षांतच, इ.स.पू. ४०९–४०८मध्ये, अथेन्सने ड्रॅकोचा खुनाचा कायदा नव्याने दगडात कोरून 'स्टोआ बॅसिलिओस' या खांबांच्या ओसरीसमोर उभा केला. तो दगड फुटक्या अवस्थेत आजही अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात आहे. त्यावरच्या कायद्याची सुरुवात अशी होते: आणि कुणी हेतू नसताना कुणाला मारलं, तरीही...