जीव गुदमरत नाही, धोका तिथेच आहे

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचा बलून तिघांना घेऊन वर गेला. क्रोसे-स्पिनेली, सिव्हेल आणि गॅस्तों तिसांदिए. सोबत ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. पहिले दोघे तर आदल्याच वर्षी पॉल बेर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या कमी दाबाच्या टाकीत बसून विरळ हवेचा अनुभव घेऊन आले होते. तरीही बलून साडेआठ हजार मीटरच्या आसपास जाऊन खाली आला, तेव्हा ते दोघेही मरण पावले होते. तिसांदिए वाचला. ऑक्सिजनची नळी घ्यावीशी वाटत होती, पण हातच उचलेना, असं त्याने पुढे लिहिलं. त्रास मात्र काहीच होत नव्हता, उलट आतून आनंद वाटत होता!

हा आनंदच घातक. श्वास कोंडला की आपण कासावीस होतो, ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. उंचावर तो नेहमीसारखा, किंबहुना जरा जास्तच बाहेर पडत असतो. त्यामुळे मेंदूला ऑक्सिजन पुरेनासा झाला तरी गुदमरल्यासारखं होत नाही. आणि ‘माझं काहीतरी बिनसतंय’ हे ओळखायचं तेही त्याच मेंदूने.

म्हणूनच वैमानिकांना जमिनीवरच्या चेंबरमध्ये बसवून पंपाने हवा काढून घेतात. आधी दाब थोडा उतरवून, म्हणजे जणू थोडं ‘वर’ नेऊन, पुन्हा ‘खाली’ आणतात, कुणाच्या कानात दडे बसतात का ते पाहायला. सर्दी झालेल्याला आत घेतच नाहीत. मास्कमधून बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन देतात, म्हणजे शरीरात मुरलेला नायट्रोजन निघून जातो. नाहीतर दाब उतरल्यावर त्याचे बुडबुडे होऊन सांधे ठणकतात, कधी जिवावरही बेततं. पोटातला वायू फुगतो, तो बिनदिक्कत सोडावा लागतो.

२५,००० फुटांवरचा दाब आला की मास्क काढायला सांगतात. हवेत ऑक्सिजन अजूनही २१ टक्केच असतो, पण हवेचा एकूण दाब पाऱ्याच्या ७६० वरून सुमारे २८२ मिलिमीटरवर आलेला. हातात कागद-पेन्सिल: शंभरातून सात-सात वजा करत जा. ९३, ८६, ७९… मग आकडे चुकतात, अक्षर फिस्कटतं, नखं निळसर पडतात. लिहिणाऱ्याला वाटतं, सगळं झकास चाललंय. भान शाबूत राहण्याचा अवधी इथे साधारण तीन ते पाच मिनिटं. ३५,००० फुटांवर जेमतेम अर्धा ते एक मिनिट. कुणाला आधी बोटांना मुंग्या येतात, कुणाला उगाच हसू फुटतं, कुणाच्या नजरेचा आवाका आकसतो. आपलं पहिलं लक्षण कोणतं ते ओळखून ठेवायचं आणि ते जाणवताच आपणहून मास्क चढवायचा. माझ्या मते या प्रशिक्षणाचं खरं मोल यातच आहे. हे व्याख्यानातून शिकवता येत नाही. ज्याचं त्यालाच अनुभवावं लागतं. आपल्याकडे हे काम बंगळूरुची हवाई दलाची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन करते. गगनयानाच्या अंतराळवीरांची वैद्यकीय निवड तिथेच झाली.

अंतराळात मात्र लक्षण ओळखायला वेळच उरत नाही. सुमारे १९ किलोमीटरवर दाब इतका उतरतो की पाणी शरीराच्या तापमानालाच उकळतं. डिसेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात चेंबरमध्ये जिम लेब्लांक पोशाखाची चाचणी देत असताना दाबाची नळी निसटली. जिभेवरची लाळ उकळू लागल्याचं त्याला जाणवलं आणि साधारण १४ सेकंदांत शुद्ध हरपली. तातडीने हवा आत सोडली म्हणून तो वाचला. म्हणजे अंतराळात सगळी भिस्त पोशाखावर. पण तो पूर्ण दाबाने फुगवला तर इतका ताठरतो की बोटंही वळत नाहीत. म्हणून अंतराळस्थानकाबाहेर काम करताना नासाच्या पोशाखात नेहमीच्या दाबाच्या एक तृतीयांशाहूनही कमी दाब ठेवतात, तोही शुद्ध ऑक्सिजनचा. त्यामुळे नायट्रोजन बाहेर घालवायची पूर्वतयारी अंतराळवीरालाही चुकत नाही.