थर्मोस्टॅट काढला की इंजिन थंड राहतं?

"आपल्याकडे ऊन एवढं, थर्मोस्टॅट हवाय कशाला? काढून टाका!" जुन्या ट्रकवाल्यांना हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची वाट उघड-बंद करणारी झडप. त्याच्यातलं मेण साधारण 80 अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. तो नसला तर इंजिन लवकर तापत नाही. डिझेल जास्त जातं, झीज वाढते. गंमत म्हणजे, काही इंजिनांत हीच झडप उघडताना बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी पाण्याची वाट, बंद करते. ती काढली की बरंचसं गरम पाणी त्या वाटेने फिरतं आणि घाटात इंजिन उलट जास्त तापतं!

जुना बिघडलाय का, ते बघायचं तर इंजिन पूर्ण गार झाल्यावरच तो काढा आणि पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात टाकून बघा. उघडला नाही तर बदला. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, गॅस्केट (सांधा गळू न देणारी चकती) नवं.