बी-११ आणि ई-११ : सामुद्रधुनी एक, पाणबुड्या दोन

पहिल्या महायुद्धातील दार्दानेल्सच्या (तुर्कस्तानातील एका सामुद्रधुनीच्या) मोहिमेविषयी वाचताना बी-११ आणि ई-११ या ब्रिटिश पाणबुड्यांची गल्लत सहज होते. दोन्ही बॅरो येथील व्हिकर्सच्या गोदीत बांधलेल्या, दोन्ही त्याच सामुद्रधुनीत तुर्की सुरुंगांखालून गेलेल्या, आणि दोन्हींच्या कप्तानांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले. नावातील अक्षर वर्गाचे आणि आकडा त्या वर्गातील क्रमाचा असतो, त्यामुळे ११ हा केवळ योगायोग आहे.

१९०६ साली पाण्यात उतरलेली बी-११ लढाई सुरू झाली तेव्हाच जुनी झाली होती. लांबी १४२ फूट, माणसे जेमतेम पंधरा, टॉर्पेडोच्या नळ्या दोन, आणि इंजिन पेट्रोलचे, ज्याची वाफ बंद जागेत कोंडली तर माणसांच्या जिवावर बेतत असे. १३ डिसेंबर १९१४ रोजी लेफ्टनंट नॉर्मन होलब्रुक यांनी तिला सुरुंगांच्या पाच रांगांखालून नेले, चनाक्कलेजवळ नांगरलेली ‘मेसुदिये’ ही युद्धनौका बुडवली आणि होकायंत्राच्या भिंगावर बाष्प धरून दिशा दिसेनाशी झाली असतानाही त्याच दिवशी ती परत आणली. धाडस निर्विवाद, मात्र लष्करी लाभ बेताचाच म्हणावा लागेल, कारण जहाज उथळ पाण्यात बुडाल्याने तुर्कांनी त्याच्या तोफा काढून किनाऱ्यावर बसवल्या.

ई-११ चे काम निराळ्या जातीचे होते. १९१४ साली बांधून झालेल्या या १८१ फुटी पाणबुडीला डिझेल इंजिने, पाच नळ्या आणि तीसेक माणसे होती. म्हणूनच मे १९१५ मध्ये लेफ्टनंट कमांडर मार्टिन नॅस्मिथ सामुद्रधुनी ओलांडून मार्मारा समुद्रात जवळपास तीन आठवडे तळ ठोकून राहू शकले. २५ मे रोजी त्यांनी थेट कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) बंदरात टॉर्पेडो डागले. तिथे नवा साठा मिळणार नव्हता, म्हणून नेम चुकलेला टॉर्पेडो बुडण्याऐवजी तरंगत राहील अशी योजना त्यांनी केली होती. असा टॉर्पेडो सापडला की नॅस्मिथ स्वतः पोहत जाऊन त्याची स्फोटाची कळ काढत आणि मग तो पुन्हा आत घेतला जाई. जूनमध्ये बाहेर पडताना एक सुरुंग पाणबुडीच्या आडव्या पंखात अडकला. खलाशांना त्याचा पत्ता लागू न देता त्यांनी तो तसाच ओढत सामुद्रधुनीबाहेर आणला आणि मोकळ्या पाण्यात इंजिने उलटी चालवून झटकून टाकला. ऑगस्टमध्ये पुन्हा आत शिरून ई-११ ने ‘बार्बारोस हैरेद्दिन’ ही युद्धनौका बुडवली.

बी-११ चे पुढे पृष्ठभागावरील गस्ती नौकेत रूपांतर झाले आणि १९१९ साली ती विकली गेली. ई-११ १९२१ साली मोडीत निघाली.