त्वचाप्रसाधनांतील नैसर्गिक कच्चा माल आणि त्याच्या उगमाचा प्रश्न

कोल्ड क्रीमची कृती परंपरेने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नावावर सांगितली जाते. मधमाशीचे मेण, ऑलिव्ह तेल आणि गुलाबाचा अर्क एवढेच तिचे मुख्य घटक होते. पुढे युरोपातील कृतींमध्ये मेणाच्या जोडीला स्पर्म व्हेलच्या डोक्यातून निघणारा पांढरा मेणासारखा पदार्थ आला, कारण त्यामुळे मलम गुळगुळीत व शुभ्र होत असे. हे सर्व घटक निखळ नैसर्गिक होते आणि त्यांतला एक मिळवण्यासाठी देवमासा मारावा लागत होता. नैसर्गिक असणे आणि निसर्गाला झेपणारे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या उद्योगाला समजायला फार वेळ लागला, आणि आजचे बहुतेक नियम त्या उशिरातून जन्मले आहेत.

1872 मध्ये रॉबर्ट चेसब्रो यांना पेट्रोलियम जेलीचे पेटंट मिळाले आणि खनिज तेलापासून बनलेल्या स्वस्त, न खवटणाऱ्या घटकांनी वनस्पतिजन्य तेलांची बरीच जागा घेतली. देवमाशाच्या मेणाचा वापर मात्र विसाव्या शतकातही चालू राहिला. 1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातील प्रजातींच्या यादीत घातले आणि त्यानंतर तेथे त्याच्या तेलाची आयात थांबली. 1982 मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीला स्थगिती देण्याचा निर्णय घेतला. पर्याय सापडला तो अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवर पसरलेल्या सोनोरन वाळवंटात. तेथील होहोबा या झुडपाच्या बियांमधून निघणारा द्रव रासायनिकदृष्ट्या तेल नसून मेण आहे आणि त्याची रचना स्पर्म व्हेलच्या तेलातील मेणाशी मिळतीजुळती आहे. कमी पाण्यावर तग धरणाऱ्या या झुडपाची पुढे अनेक देशांत लागवड झाली, आणि या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत समाधानकारक उदाहरण आहे असे मला वाटते.

क्रीम घट्ट करणाऱ्या घटकांची वाट मात्र वेगळी निघाली. देवमाशाच्या मेणातील मुख्य संयुग म्हणजे सेटिल पामिटेट, आणि ते पाम तेलातील मेदाम्लांपासून कारखान्यात तयार करता येते. त्यामुळे देवमाशावरचा भार उतरला. पण पाम तेलाची एकूण मागणी वाढत गेली, तसा इंडोनेशिया आणि मलेशियातील वर्षावनांवर भार पडला. या मागणीत खाद्यपदार्थांचा वाटा प्रसाधनांपेक्षा कितीतरी मोठा आहे, हेही येथे नोंदवायला हवे.

शार्कची कहाणी याहून बोलकी आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शार्कच्या यकृतातील तेलातून स्क्वालीन वेगळे केले. मानवी त्वचेच्या स्निग्ध स्रावातही हे संयुग असते, त्यामुळे त्याच्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळणारे स्थिर स्क्वालेन त्वचेवर हलके बसते आणि क्रीममध्ये फार उपयोगी पडते. खोल समुद्रातील शार्कना हवेची पिशवी नसते; तेलाने भरलेले मोठे यकृत त्यांना पाण्यात तोलून धरते, आणि म्हणूनच त्यांची शिकार झाली. हे मासे सावकाश वाढतात, उशिरा प्रजननक्षम होतात आणि त्यांना पिल्ले थोडी होतात; अशी संख्या एकदा घटली की भरून यायला दशके लागतात. 2008 मध्ये युनिलिव्हर आणि लॉरियल यांनी शार्कपासूनचे स्क्वालीन सोडण्याचे जाहीर केले. ऑलिव्ह तेलाच्या शुद्धीकरणात उरणाऱ्या भागातून आणि नंतर उसाच्या साखरेवर यीस्टची प्रक्रिया करून तोच पदार्थ मिळू लागला. रेणू एकच असल्याने नेहमीच्या रासायनिक तपासणीत त्याचा उगम कळत नाही. तो ओळखण्यासाठी कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाण मोजावे लागते, आणि अशी तपासणी सहसा दुकानापर्यंत पोहोचत नाही.

वनस्पतींच्या बाबतीत वेगळी अडचण उभी राहिली. मोरोक्कोच्या नैर्ऋत्येला वाढणाऱ्या आर्गन वृक्षाच्या बियांचे तेल स्त्रिया हाताने कवच फोडून काढत आल्या. 1990 च्या दशकात रबातमधील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झुबेदा शरूफ यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि 1998 मध्ये युनेस्कोने या वनक्षेत्राला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. तरीही 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की तेलाच्या वाढत्या भावाने काही कुटुंबांची स्थिती सुधारली आणि मुलींच्या शिक्षणाला हातभार लागला, पण हाती आलेल्या पैशातून शेळ्या वाढल्या, आणि त्या झाडे ओरबाडतात. भाव वाढला म्हणजे झाड आपोआप जपले जाते, हे गृहीतक त्यामुळे डळमळले. ब्राझीलच्या रोजवूडचे तर तेलासाठी झाडच तोडले जात असे. 2010 मध्ये त्याचा समावेश साइट्स या धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत, झाला.

1992 च्या जैवविविधता कराराने वनस्पती ज्या देशात वाढते त्या देशाचा तिच्यावरचा हक्क मान्य केला, आणि 2010 च्या नागोया प्रोटोकॉलने जनुकीय संसाधनांतून आणि त्यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानातून होणारा लाभ संबंधित देश व समूहांशी वाटून घेण्याचे नियम घातले. पाम तेलाच्या शाश्वत उत्पादनाचे प्रमाणन करण्यासाठी 2004 मध्ये कंपन्या व संघटना यांचे आरएसपीओ हे व्यासपीठ स्थापन झाले. युरोपातील पाच प्रमाणन संस्थांनी 2010 मध्ये ‘कॉसमॉस’ हे सेंद्रिय व नैसर्गिक प्रसाधनांचे समान मानक आणले. पुढे आयएसओ 16128 या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये नैसर्गिक घटकांचे प्रमाण मोजण्याची पद्धत ठरली, पण पर्यावरणाची सुरक्षितता आणि सामाजिक-आर्थिक बाजू त्या मानकाने आपल्या कक्षेबाहेर ठेवली. म्हणजे त्यानुसार जवळपास पूर्णतः नैसर्गिक ठरणारे क्रीम कोणत्या जमिनीवरून आले, याचे उत्तर तो आकडा देत नाही.

आज सर्वांत कठीण आहे ते पाम तेलापासून बनणाऱ्या पायसीकारकांचा (तेल आणि पाणी एकजीव ठेवणाऱ्या घटकांचा) आणि मेदाम्लांचा माग काढणे. अनेक मळ्यांचे तेल गिरणीत, शुद्धीकरण कारखान्यात आणि पुढे रासायनिक कारखान्यात एकत्र होते. त्यामुळे आरएसपीओच्या ‘मास बॅलन्स’ पद्धतीत प्रमाणित आणि अप्रमाणित माल मिसळण्याची मुभा आहे. हिशेब जुळतो तो फक्त कागदावरच्या प्रमाणाचा. प्रमाणित माल शेवटपर्यंत वेगळा ठेवण्याची पद्धतही याच व्यवस्थेत आहे, पण तिच्यासाठी स्वतंत्र टाक्या, स्वतंत्र वाहतूक आणि अधिक खर्च लागतो, आणि क्रीममध्ये असा घटक कित्येकदा अगदी थोडा असल्याने हा खर्च करण्यास उत्पादक सहजी तयार होत नाहीत.