नवाच्या पाढ्यातला रेडिओ

सिंहस्थ जवळ येतोय तशी नाशकात वॉकी-टॉकींची चर्चा वाढली आहे. तपोवन, रामकुंडाच्या गर्दीत मोबाइलवर विसंबायचं नाही, हे स्वयंसेवक मंडळांचं शहाणपणच. पण ‘भाच्याने अमेरिकेतून आणलेत, लहरींना कसलं आलंय लायसन्स?’ हे ऐकलं की राहवत नाही. तिकडे वेगळा परवाना न काढता वापरायचे सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. भारतात ही सूट ४४६.० ते ४४६.२ एवढ्याच पट्ट्याला, तीही कमी शक्तीच्या आणि दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाने मान्यता दिलेल्या यंत्रांना. भाच्याचा सेट इथे बेकायदा.

देशादेशांत असा फरक खपतो, कारण या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात जातात आणि वरच्या दिशेने निघालेल्या अवकाशात निसटतात. पंचवटीतल्या बोलण्याचा पुण्यालाही त्रास नाही, तिथे टोकियोचं काय! मीडियम वेव्हचं मात्र तसं नाही, आणि माझा जीव खरा तिथेच अडकलेला.

मुंबई आकाशवाणीच्या मीडियम वेव्हच्या जागा बघा, ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ. पुण्याची ७९२. शाळेतली कसोटी लावा, अंकांची बेरीज करा. तिन्हींना नवाने नि:शेष भाग जातो! अंकज्योतिषवाल्यांनी मंगळाचा अंक म्हणून हुरळून जाऊ नये. हा नऊ १९७५ साली जिनिव्हात इंजिनिअरांनी भांडून-तंडून ठरवला. परिषद आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजे आयटीयूची. १८६५ साली तारायंत्रासाठी जन्मलेली ही संघटना आज संयुक्त राष्ट्रांचा भाग आहे.

भांडणाचं मूळ आकाशात आहे. जमिनीपासून सुमारे ६० ते ९० किलोमीटरवर दिवसा ‘डी’ थर तयार होतो. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण तिथल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. मीडियम वेव्हची लहर या इलेक्ट्रॉनांना हलवते, पण तिथली हवा वरच्या मानाने दाट, त्यामुळे ते रेणूंवर आपटत राहतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. सूर्य मावळला की इलेक्ट्रॉन पुन्हा जोडले जातात, थर विरतो. मग तीच लहर अडीच-तीनशे किलोमीटरवरच्या ‘एफ’ थरापर्यंत पोचते, वाकून परत येते आणि शेकडो, कधी हजारो किलोमीटर लांब उतरते. एलईडी दिव्यांच्या खरखरीपासून दूर, त्र्यंबक रस्त्याला कुठेतरी रात्री ट्रान्झिस्टर लावा. भलत्याच देशांतली केंद्रं लागतील.

समजा एक केंद्र १०४४वर आणि दुसरं १०४६वर. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज हेलकावतो, तसंच इथेही होतं. रेडिओच्या डिटेक्टरला दोन्ही लहरींची बेरीज मिळते, ती सेकंदाला दोन हजार वेळा फुगते-ओसरते, आणि कानाला दोन किलोहर्ट्झची शिट्टी ऐकू येते. दोघं नेमके १०४४वर असतील तर फरक उरतो फार तर काही हर्ट्झचा. कार्यक्रम एकमेकांत मिसळतील, पण शिट्टी नाही. शेजारी १०५३वर असेल तर शिट्टी नऊ किलोहर्ट्झची, ती रेडिओतला फिल्टर अडवतो. म्हणून सगळ्यांनी नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या एकाच जाळीवर बसायचं, मधे कुणी घुसायचं नाही. याची किंमतही आहे. आवाज मूळ लहरीच्या दोन्ही बाजूंना पसरतो, तेव्हा नऊच्या घरात एका बाजूला साडेचारच किलोहर्ट्झ येतात. बातम्यांना पुरे, सरोदेचे वरचे स्वर मात्र बोथट होतात.

२३ नोव्हेंबर १९७८ रोजी ही योजना अमलात आली आणि अनेक केंद्रांना थोडं थोडं सरकावं लागलं. कुणी किती किलोवॅट वापरायचे, हेही तिच्यात होतं.

आयटीयूने जगाचे तीन विभाग केलेत. युरोप-आफ्रिका पहिल्यात, दोन्ही अमेरिका दुसऱ्यात, भारत तिसऱ्यात. पहिला आणि तिसरा जमिनीने जोडलेले, त्यांना एकच जाळी हवी होती. महासागरांपलीकडच्या अमेरिकांनी दहाचं अंतर ठेवलं. न्यूयॉर्कची केंद्रं ६६०, ७७०, ८८०वर आहेत. त्यामुळे तिकडचा डिजिटल रेडिओ इथे ७९०वरून थेट ८००वर उडी मारतो आणि पुणं नीट लागतच नाही. बऱ्याच सेटमध्ये ९ की १० हे निवडायची सोय असते. विकत घेण्याआधी ती आहे का, विचारा.